माध्यमिक इंग्रजी शिक्षकाची घडण आणि ऑनलाईन अध्ययन : गुरुग्रामच्या संदर्भात

इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेली व्यक्ती माध्यमिक शाळेत इंग्रजीची शिक्षक कशी होते, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेत टाकला जातो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांचे त्याकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः दोन भाषा आणि दोन वाङ्मयपरंपरा यांची पहिली गाठ बहुसंख्य भारतीय मुलांच्या बाबतीत शाळेतील इंग्रजीच्या तासालाच पडते. ही गाठ घालून देणाऱ्या शिक्षकाच्या तयारीचा बराच भाग आज संगणकाच्या पडद्यावर पार पडू शकतो. कोणता भाग पार पडतो, कोणता पडत नाही आणि या विभागणीत नेमके काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात गुरुग्रामच्या संदर्भात केला आहे.

गुरुग्रामची निवड सहेतुक आहे. २०१६ पर्यंत गुडगाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात नोकरीनिमित्त देशभरातून कुटुंबे येतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेलीही आहेत. जोडीदाराच्या बदलीमुळे येथे आलेली, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली, लहान मुलांची जबाबदारी असलेली स्त्री शिक्षकी पेशाचा विचार करू लागते, तेव्हा घरबसल्या शिक्षण हा तिला सर्वांत सोयीचा मार्ग वाटणे स्वाभाविक आहे. हरियाणाची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद याच शहरात आहे आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे मैदानगढी येथील मुख्यालयही फारसे दूर नाही. साधने अशी हाताशी असूनही हा मार्ग वाटतो तितका सरळ नाही.

१. नियमांची चौकट

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ मध्ये ठरविलेल्या किमान अर्हतेनुसार माध्यमिक वर्गांवर शिकविण्यासाठी किमान ५० टक्के गुणांसह पदवी अथवा पदव्युत्तर पदवी आणि त्यासोबत बी.एड. आवश्यक आहे. हरियाणाच्या शासकीय शाळांत नववी ते बारावीचे इंग्रजी पदव्युत्तर श्रेणीच्या शिक्षकाकडे असते. त्यामुळे तेथे एम.ए., बी.एड. आणि राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा या तिन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न खाजगी शाळांनाही परिषदेच्या अर्हतेचे बंधन आहेच.

यांपैकी एम.ए. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त व दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाईन अभ्यासक्रम यांविषयीचे एकत्रित विनियम २०२० मध्ये जाहीर केले. मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील, असेही आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. बी.एड.ची गोष्ट वेगळी आहे. २०१४ च्या विनियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात एकूण वीस आठवडे शाळेशी प्रत्यक्ष संबंध अनिवार्य ठरविला. त्यांपैकी सोळा आठवडे दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेचे. दूरशिक्षणाने बी.एड. करण्याची मुभा दोनच गटांना आहे : सेवेत असलेले प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक, आणि परिषदेची मान्यता असलेला एखादा अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम प्रत्यक्ष उपस्थितीने पूर्ण केलेले उमेदवार. याही मार्गात कार्यशाळा आणि शाळेतील काम सुटत नाही. केवळ पडद्यावरून मिळणाऱ्या बी.एड.ला या चौकटीत स्थान नाही.

वर कल्पिलेल्या स्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एम.ए. ती घरी बसून करू शकते. मात्र पूर्वीचे अध्यापन प्रशिक्षण नसल्यास बी.एड.साठी तिला महाविद्यालयाची वाट धरावीच लागते. ‘घरबसल्या बी.एड.’ या आश्वासनावर विसंबून पैसे भरणाऱ्याच्या हाती शेवटी जो कागद येतो, तो नेमणुकीच्या वेळी निरुपयोगी ठरतो. इंग्रजी अध्यापनाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे किंवा मुक्त विद्यापीठांची अल्पमुदतीची प्रमाणपत्रे ज्ञानदृष्ट्या उपयुक्त असली, तरी शाळेतील नेमणुकीसाठी ती बी.एड.ची जागा घेऊ शकत नाहीत. केंब्रिजचे सेल्टा हे प्रमाणपत्र आता पूर्णतः ऑनलाईनही घेता येते. त्यातही सहा तासांचे मूल्यमापित अध्यापन अटळ आहे. परंतु त्याची रचना मुख्यतः प्रौढ विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

२. पूर्वपीठिका

प्रत्यक्ष वर्गाविषयीचा हा आग्रह केवळ प्रशासकीय नाही. त्यामागे अनुभव आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ केला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी उन्हाळी सत्रे आणि पत्रद्वारा पाठ यांची सांगड घालून सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी बी.एड.ची सोय केली. योजना मर्यादित होती आणि तिचा विद्यार्थी आधीपासून वर्गात उभा राहणारा होता. पुढे अनेक विद्यापीठांनी हाच प्रकार सर्वांना खुला केला आणि पदव्यांची संख्या प्रशिक्षणाच्या दर्जाला मागे टाकून गेली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा कायदा १९९३ चा. १९९५ मध्ये परिषद प्रत्यक्ष कामाला लागल्यावर तिने या प्रकाराला आवर घातला.

महाराष्ट्राचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बी.एड.चा अभ्यासक्रम सेवेतील शिक्षकांभोवती उभा केला. त्याचे संस्थापक कुलगुरू राम ताकवले पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. विद्यार्थ्याजवळ स्वतःचा वर्ग असेल, तर छापील घटकपुस्तिकाही पुरेसे काम करते. कारण वाचलेले तो दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर तपासून पाहू शकतो. वर्गच नसेल, तर उत्तमातले उत्तम व्याख्यानही ऐकीव माहितीच राहते. साधन छापील आहे की दृक्‌श्राव्य, हा भेद त्यामानाने दुय्यम म्हणावा लागेल.

३. वर्गातील तुलना

इंग्रजीच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी एक परिमाण आहे. गुरुग्राम हा अहीरवाल प्रदेशाचा भाग. स्थानिक मुलांच्या घरी अहीरवाटी किंवा हरियाणवीची अन्य रूपे बोलली जातात, दक्षिणेस मेवाती भाषेचा मुलूख लागतो. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल येथून आलेल्या कामगार कुटुंबांतील मुले भोजपुरी, मैथिली, बंगाली घेऊन येतात. शाळेची हिंदी ही यांतील अनेकांची दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. अशा वर्गात महाराष्ट्रातून आलेली शिक्षिका उभी राहते, तेव्हा तेथे आणखी एका भाषेची, तिच्या मराठीची, भर पडते.

नात्याचा एक साधा शब्द घेऊ. धड्यात ‘अंकल’ आला की मराठी शिक्षिकेच्या मनात प्रथम येतात ते ‘काका’ आणि ‘मामा’. बापाकडचे नाते आणि आईकडचे नाते हा भेद इंग्रजीत पुसला जातो, हे ती सहज समजावून देईल. हरियाणातल्या मुलाची अडचण एवढ्याने संपत नाही. त्याच्या घरी बापाचा थोरला भाऊ ‘ताऊ’ आणि धाकटा ‘चाचा’ असतो. दोघांचा मान, अधिकार आणि त्यांच्याशी बोलण्याची रीत निरनिराळी. मराठी ‘काका’ हा भेद शब्दात ठेवत नाही; थोरला की धाकटा हे विशेषण लावून सांगावे लागते. म्हणजे इंग्रजीने जे पुसले असे शिक्षिकेला वाटते, त्यातले काही तिच्या मराठीनेही पुसलेले असते. कथेतील ‘अंकल’ वडीलधारा आहे की खेळकर, हे ठरविण्यासाठी मुलाला हवा असलेला दुवा तिच्या भाषेत नाही. तो मुलाच्याच भाषेत आहे आणि तिने तो त्याच्याकडून घ्यावयाचा आहे.

व्याकरणातही हेच दिसते. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला ताप आहे’ असे म्हणतात; हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’, ‘मेरे पास किताब है’, ‘मुझे बुख़ार है’. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी ‘हॅव’ या एकाच क्रियापदावर भागवते. भावांच्या बाबतीत मराठी ‘मला’ म्हणते आणि हिंदी ‘मेरे’. दोन शेजारी भाषाही येथे वेगळ्या वाटेने जातात. मराठी मुलांच्या चुका ओळखण्यात मुरलेली शिक्षिका हिंदी भाषक मुलांच्या चुकांपुढे काही काळ चाचपडते, ते यामुळे. चुकीमागील भाषा ओळखण्याचे हे कौशल्य वही तपासताना, मुलाला पुन्हा विचारताना, शेजारच्या बाकावरील मुलाने दिलेले उत्तर ऐकतानाच येते. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानातला वर्ग गप्प असतो. तो प्रश्नही विचारत नाही आणि चुकतही नाही.

मराठी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना भाषांतराच्या आधारे इंग्रजी शिकविले. पुढे प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी वर्गातून मातृभाषा हद्दपार केली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि त्याला जोडून आलेले इंग्रजी अध्यापनाविषयीचे भूमिकापत्र यांनी बहुभाषिकतेकडे अडचण म्हणून न पाहता साधन म्हणून पाहावे, असे सुचविले. ही भूमिका कागदावर सर्वमान्य आहे. ती अमलात आणणारा शिक्षक कोठे तयार होतो, हा खरा प्रश्न.

४. दोन अभ्यासक्रमांमधील मोकळी जागा

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. इंग्रजीमध्ये पर्यायी अभ्यासपत्रिका म्हणून भारतातील इंग्रजी अध्ययनाचा इतिहास आहे, इंग्रजी भाषांतरातील समकालीन भारतीय साहित्य आहे आणि तौलनिक साहित्याचा सिद्धान्त व उपयोजन हीदेखील आहे. घरी बसून शिकणारी विद्यार्थिनी या अभ्यासपत्रिका निवडू शकते. दुसरीकडे बी.एड.मध्ये ती पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, मूल्यमापन शिकते. महाराष्ट्रातील बी.एड.मध्ये ‘आशययुक्त अध्यापनपद्धती’ या नावाने विषय आणि पद्धती यांची सांगड घालण्याचा एक प्रयत्न झाला होता. पण तेथेही आशय म्हणजे पाठ्यपुस्तकातील घटक, असाच अर्थ रूढ राहिला. परिणामी साहित्याची तुलना एम.ए.मध्ये राहते, मुलांशी गाठ बी.एड.मध्ये पडते आणि मुलांच्या भाषांशी तुलना कोणाच्याच वाट्याला येत नाही. ऑनलाईन शिक्षणाने ही फट निर्माण केलेली नाही. विषयज्ञान घरी आणि अध्यापन महाविद्यालयात अशी स्थलकालाची फारकत करून तिने ती रुंद केली आहे, एवढे म्हणता येईल.

उलट बाजूही नमूद करावयास हवी. दूरशिक्षण नसते, तर वर उल्लेखिलेल्या परिस्थितीतील अनेक स्त्रियांना एम.ए. करताच आले नसते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ या मंचांनी व्याख्याने आणि पाठ्यसामग्री मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली. माध्यमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ हे सेवांतर्गत प्रशिक्षण २०२१ पासून ऑनलाईन स्वरूपात आले. या प्रशिक्षणाचा विद्यार्थी आधीच शिक्षक असतो, ही गोष्ट मात्र नाशिकच्या जुन्या अनुभवाशी जुळणारी आहे.

५. समारोप

तेव्हा ऑनलाईन अध्ययनाची जागा नाकारण्याचे कारण नाही. तिचा क्रम नीट लावण्याची गरज आहे. उमेदवाराच्या दृष्टीने हा क्रम असा : एम.ए. ऑनलाईन करावयाची असल्यास आधी आयोगाची मान्यता पाहावी, बी.एड.साठी परिषदेची मान्यता असलेले, प्रत्यक्ष आंतरवासिता देणारे महाविद्यालय निवडावे, आणि एम.ए.मधील तुलनेची अभ्यासपत्रिका आंतरवासितेच्या आधीच पूर्ण करावी, म्हणजे सोळा आठवडे केवळ पाठांची संख्या भरण्यात जाणार नाहीत.

तौलनिक साहित्याच्या विभागांकडेही यातून एक काम येते. आंतरवासितेतील विद्यार्थी-शिक्षकांनी मुलांच्या वह्यांतून जमविलेली वाक्ये आणि वर्गात ऐकलेले पर्यायी शब्द हे बहुभाषिक भारताविषयीचे अस्सल साहित्य आहे. त्यावरची चर्चा आठवड्यातून एकदा पडद्यावर, दूरच्या मार्गदर्शकासह, उत्तम रीतीने होऊ शकते. ऑनलाईन माध्यमाचा याहून उचित उपयोग क्वचितच सापडेल. ‘ताऊ’ हा शब्द मुलाकडून शिकून आलेली शिक्षिका त्या चर्चेत काही सांगण्यासारखे घेऊन बसेल.