रंग वजा केले की नवा साप!

दोस्तांनो, एक वजाबाकी करा पाहू. नारंगी सापातून काळा रंग वजा केला, मग लालही वजा केला, तर काय उरेल? पांढरट-गुलाबी साप! आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही बरं. असे साप अंड्यातून खरोखर बाहेर येतात, तेही चक्क नारंगी आईबापांच्या पोटी.

या सापाचं नाव कॉर्न स्नेक. राहणार अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना या राज्यांत. विष नाही, स्वभाव शांत, लांबी साधारण सव्वा ते दीड मीटर. आपल्याकडे धामण शेतातल्या उंदरांचा फडशा पाडते ना, तसा हा तिकडच्या मक्याच्या कोठारांत उंदीर हुडकत फिरतो. अंग नारंगी, पाठीवर लालसर मोठे ठिपके, ठिपक्यांना काळी किनार आणि पोटावर काळे-पांढरे चौकोन. या देखणेपणामुळे जगभर लोक त्याला हौसेनं पाळतात.

त्याच्या कातडीत रंगाच्या निरनिराळ्या पेशी असतात. काही पेशींत मेलॅनिन नावाचं काळं-तपकिरी रंगद्रव्य असतं, तर काहींत लाल-पिवळी रंगद्रव्यं. कोणतं रंगद्रव्य तयार व्हायचं, हे ठरवतात जनुकं. एखादं जनुक बिघडलं की त्याचा रंग गायब होऊ शकतो!

1953 साली नॉर्थ कॅरोलिनात काळा रंग मुळीच नसलेला एक नर सापडला. त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांना सापांचं भारी वेड. त्यांनी या नराची जोडी साध्या मादीशी लावली, तर पिल्लं सगळी साधीच निघाली! काळा रंग नसण्याचा गुण गेला कुठे? मग त्या पिल्लांची आपापसात जोडी लावली आणि 1961 मध्ये काही नातवंडं थेट आजोबांच्या रंगात अंड्यातून बाहेर आली. म्हणजे गुण हरवला नव्हता, लपला होता.

कसा लपला? प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. त्यातली एक जरी धड असली, तरी रंग तयार होतो. बिघडलेली प्रत गुपचूप बसून राहते. अशी प्रत बाळगणाऱ्या सापाला पाळणारे लोक ‘हेट’ म्हणतात. बाहेरून पाहून तो ओळखूच येत नाही!

आता आणखी एक गंमत. काळा रंग नसलेल्या सापाला म्हणतात ‘अमेल’. त्याचे डोळेही लाल दिसतात. लाल रंग नसलेला तो ‘अनेरी’, राखाडी-काळा. असे अनेरी फ्लोरिडाच्या रानातही सापडतात. अमेल आणि अनेरीची जोडी लावली तर पिल्लं कशी होतील? दोघांत आणखी काही लपलेलं नसेल, तर सगळी साधी नारंगी! कारण काळ्याची धड प्रत एकाकडून येते आणि लालची दुसऱ्याकडून. पण ही सगळी पिल्लं दोन्ही रंगांसाठी ‘हेट’ असतात. खरी जादू त्यांच्या पिल्लांत दिसते.

ती घरीच करून बघा. एक रुपयाची दोन नाणी आणि दोन रुपयांची दोन नाणी घ्या. एक रुपयाची नाणी म्हणजे काळा रंग, दोन रुपयांची म्हणजे लाल. प्रत्येक जोडीतलं एक नाणं आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे धड प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. चारही उडवा. रुपयाच्या दोन्ही नाण्यांवर काटा आला तर काळा गेला. दोन रुपयांच्या दोन्हींवर आला तर लाल गेला. चारही काटे आले तर तुमचा ‘स्नो’, म्हणजे तोच पांढरट-गुलाबी साप, जन्मला! मोठा झाल्यावर त्याच्या गळ्यावर पिवळी झाक येते, कारण पिवळा रंग काही वजा झालेला नसतो.

खूप वेळा नाणी उडवलीत तर दर 16 मागे साधारण 9 साधे, 3 अमेल, 3 अनेरी आणि 1 स्नो असा हिशेब जुळत जाईल. हाच हिशेब शास्त्रज्ञ ग्रेगर मेंडेल यांना वाटाण्यात सापडला होता. 556 दाण्यांपैकी 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि फक्त 32 सुरकुतलेले-हिरवे!

सापांच्या बाबतीत मात्र दम धरावा लागतो. मादी एका वेळी साधारण 10 ते 30 अंडी घालते, ती फुटायला दोनेक महिने लागतात आणि पिल्लं मोठी व्हायला दोन-तीन वर्षं. एवढं थांबूनही एका खेपेत स्नो निघेलच याची खात्री नाही.

2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अमेलचं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. त्याचं नाव ओसीए2. माणसांतही हे जनुक बिघडलं की एका प्रकारचा अल्बिनिझम, म्हणजे रंगद्रव्याची कमतरता, होतो. सापात ते बिघडलं कशानं? जनुकं ज्याची बनलेली असतात, त्या डीएनएचे काही तुकडे जागा बदलत फिरतात. तसलाच एक तुकडा या जनुकात येऊन घुसला होता. असे भटके तुकडे पहिल्यांदा शोधले बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी आणि तेही कशात, तर मक्याच्या दाण्यांत! त्यासाठी त्यांना 1983 चं नोबेल मिळालं.

रंगांचा हा खेळ बहुतेक माणसाच्या घरातच चालतो. रानात पांढरा साप ससाण्याच्या नजरेत लगेच भरतो. शिवाय लपून बसणारं प्रत्येक जनुक रंगाचंच असतं असं नाही. ‘स्टारगेझर’ नावाच्या जनुकामुळे सापाचा तोल जातो, डोकं डुलत राहतं. म्हणून शहाणे पाळणारे जोडी लावण्याआधी दोघांची चाचणी करून घेतात. आणि हो, आपल्या रानातले साप पकडायला किंवा पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. धामण शेतातच बरी!

आता तुमच्यासाठी कोडं. नर आहे स्नो. मादी आहे अमेल आणि तिच्यात लाल रंगाच्या दोन्ही प्रती धड आहेत. पिल्लं कोणत्या रंगाची होतील? आणि त्या पिल्लांची आपापसात जोडी लावली, तर दर चारांत स्नो किती? नाणी काढा आणि लागा कामाला. उत्तर पुढच्या अंकात!