कळफलकावरची चाळीस वर्षे

चैत्र लागला की भीमेच्या दोन्ही तीरांवर, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू होतो. रात्री तंबूत गण-गवळण आटोपते, रंगबाजीला आरंभ होतो आणि ढोलकीशेजारच्या कीबोर्डवर एखादा पांढऱ्या केसांचा वादक बोटे ठेवतो. प्रेक्षकांत पन्नाशीला टेकलेले शिक्षक असतात, रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांतील कामगार असतात, दौंडचे रेल्वे कर्मचारी असतात. ही मंडळी शाळकरी होती तेव्हा घरातील वडीलधारी माणसे याच वाद्याच्या नावाने नाके मुरडीत. आज ते ऐकण्यासाठी ती पुढे सरकून बसतात.

हा केवळ गेलेल्या तारुण्याचा मोह, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. नव्या वाद्याकडे संशयाने पाहण्याची आपली रीत जुनीच आहे. युरोपातून आलेल्या पेटीला ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये दार बंद केले, ते 1971 पर्यंत उघडले नाही. आज पेटीवाचून आपले भजन होत नाही! कॅसिओचा पहिला विद्युत कळफलक 1980 मध्ये बाजारात आला. म्हणजे त्यालाही आता चाळिशी उलटून गेली आहे आणि त्याच्याबरोबर त्याचे वादकही वृद्ध होत चालले आहेत.

या संदर्भात मुंबईच्या चरणजीत सिंग यांचे उदाहरण मननीय आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या या कलावंताने 1982 मध्ये तीन जपानी यंत्रे एकत्र जोडली. एक सुरांचे, एक खर्जाचे आणि एक तालाचे. डिस्कोच्या ठेक्यावर यमन, मालकंस आदी दहा राग त्यांनी त्यांवर वाजविले. ठेका यंत्राचा होता, पण राग मात्र हाताने वाजविलेला होता. ध्वनिमुद्रिकेला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि ती विस्मृतीत गेली. पुढे 2002 मध्ये एका डच संग्राहकाच्या हाती तिची प्रत लागली आणि 2010 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. तेव्हा ध्यानात आले की, शिकागोच्या तरुणांनी 1987 च्या सुमारास ज्या ध्वनीने नाव मिळविले, त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला ध्वनी मुंबईत पाच वर्षे आधीच उमटला होता. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपच्या रंगमंचावर तीच यंत्रे घेऊन बसले. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. कौतुक झाले खरे, पण तीस वर्षे उशिरा, आणि तेही परक्या देशात.

अर्थशास्त्रात बॉमोल आणि बोवेन यांनी 1966 मध्ये एक सिद्धान्त मांडला. कारखान्यात माणशी उत्पादन वाढत जाते, परंतु चौघांचे वादन चौघांनीच आणि तितक्याच वेळात करावे लागते. त्यामुळे जिवंत कला उत्तरोत्तर महाग होत जाते. कीबोर्डने या सिद्धान्तातून पळवाट काढली, कारण एकच माणूस सनई, व्हायोलिन आणि बासरी वाजवू लागला. त्यापायी काही वादकांचे काम गेले हे नाकारून चालणार नाही. आता तीच पाळी कीबोर्डवाल्यावर आली आहे. ध्वनिवर्धकांची भिंत आणि एक डीजे आणला की यात्रा कमिटीचे काम भागते, वर्गणीही वाचते. मात्र त्या भिंतीसमोर कोणी बोटांकडे पाहत बसत नाही. तमाशात गायिकेने अचानक पट्टी चढविली तर तिच्यामागे धावणारा हात लागतो, आणि तो हात घडायला काही दशके लागतात. पन्नाशीतला प्रेक्षक नेमके तेच पाहत असतो.

या हाताची नोंद कोठेही नाही, ही खरी अडचण आहे. वृद्ध कलावंतांना राज्य शासनाचे मानधन मिळते. पण त्यासाठी कलाक्षेत्रातील सेवेचा पुरावा लागतो. फडमालकाचे नाव हँडबिलावर असते, नर्तकीचे असते. कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर यांच्यासारख्या वगलेखकाचे नाव निदान तमाशाच्या जगात तरी सर्वतोमुखी झाले. कीबोर्डवाला मात्र आयुष्यभर ‘कॅसिओवाला’च राहतो. चाळीस वर्षे वाजविल्यावर कचेरीत दाखवायला त्याच्याजवळ कागद कोणता असतो? सुपारी ठरविताना यात्रा कमिटीने सर्व वादकांची नावे हँडबिलावर छापण्याचा आग्रह धरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हिशोब चुकता करताना, प्रत्येकाच्या हाती नावानिशी पावती द्यावी. त्याला खर्च तो काय येणार?