अमाइनचं बळ आणि पाण्याचा वेढा

परतूर तालुक्यातल्या आष्टीकडे, तसं तर जालना जिल्ह्यात कुठेही, कृषी सेवा केंद्रात 2,4-डीची बाटली मागितली तर लेबलवर छापलेलं दिसतं: डायमिथाइल अमाइन सॉल्ट 58 टक्के. ज्वारी-गव्हातलं रुंद पानांचं तण मारायला शेतकरी ती नेतात. शेजारी कपाशी असली की वारा बघूनच फवारतात, कारण उडालेल्या तुषारांनीही कपाशीची पानं आक्रसतात. 2,4-डी मुळात आम्ल आहे, पाण्यात जेमतेम विरघळणारं. डायमिथाइल अमाइन त्याचा प्रोटॉन काढून घेतं, क्षार तयार होतो आणि तो पाण्यात सहज मिसळतो.

हेच अमाइन बारावीच्या रसायनशास्त्रात पुन्हा भेटतं. पाण्यातल्या आम्लारिधर्माचा उतरता क्रम पोरं घोकतात: डायमिथाइल, मिथाइल, ट्रायमिथाइल, शेवटी अमोनिया. इथाइलच्या रांगेत मात्र डायइथाइलनंतर ट्रायइथाइल येतं आणि मग इथाइल. सीईटी, नीटला हा प्रश्न ठरलेला. क्रम पाठ होतो, पण त्यातला ‘पाण्यात’ हा शब्द गळून पडतो. सगळं मर्म तर त्याच शब्दात आहे.

मिथाइल गट नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन ढकलतो. म्हणजे जितके मिथाइल जास्त, तितकी प्रोटॉन धरण्याची ताकद जास्त असायला हवी. पाण्यातले पीकेए (प्रोटॉन घेतलेल्या रूपाचे) पाहा: अमोनिया 9.25, मिथाइल 10.6, डायमिथाइल 10.7 आणि तिसरा मिथाइल लागताच एकदम 9.8. या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा ही घसरण किरकोळ नाही.

पाणी काढून टाकलं तर काय होतं? 1960 नंतरच्या दशकात वायुरूप आयनांवर मोजमापं होऊ लागली. 1971 साली ब्राउमन, रिव्हेरोस आणि ब्लेअर यांनी अमाइनांचा वायुरूपातला क्रम मांडला. आजच्या तक्त्यांत प्रोटॉनची ओढ मोलमागे अशी दिसते: अमोनिया 854 किलोज्यूल, मग 899, 930 आणि ट्रायमिथाइल 949. सरळ चढती रांग, कुठेही घसरण नाही.

म्हणजे घसरण पाण्यामुळे होते. प्रोटॉन घेतल्यावर नायट्रोजनवर धनभार येतो. त्याच्यावरच्या प्रत्येक हायड्रोजनला पाण्याचा रेणू बिलगतो आणि तो भार वाटून घेतो. मिथाइल अमाइनच्या आयनावर असे तीन हायड्रोजन, डायमिथाइलवर दोन, ट्रायमिथाइलवर फक्त एक. अमोनियापेक्षा ट्रायमिथाइलला वायूत नव्वदहून जास्त किलोज्यूलचा फायदा असतो. पाण्यात त्यातले तीनेक उरतात. बाकीचा सगळा फायदा पाणी पुसून टाकतं. पाण्याच्या प्रभावाचं या एका हिशोबाइतकं बोलकं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

इथाइल गट जास्त जोरानं इलेक्ट्रॉन ढकलतो, म्हणून तिथे तिसऱ्या गटाची घसरण सौम्य होते. ट्रायइथाइल आणि इथाइल यांच्यातलं अंतर तर दशांशाचं; काही तक्त्यांत ते उलटंही दिसतं. इतक्या बारीक फरकावर परीक्षेचा प्रश्न काढणं मला पटत नाही.

आता दाटीचा प्रश्न. ‘तीन गटांची गर्दी झाली, प्रोटॉनला वाट मिळेना’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रोटॉन इतका लहान की तो शिरतोच. गर्दी आडवी येते ती मोठ्या पाहुण्याला. एच. सी. ब्राउन (नोबेल 1979) यांनी ट्रायमिथाइल बोरॉन वापरून हे दाखवलं. ट्रायइथाइल अमाइनशी त्याची जोडी नीट टिकत नाही. क्विन्युक्लिडिन या अमाइनमध्ये तेच तीन हात मागे बांधलेले असतात. तिथे जोडी घट्ट बसते. पिरिडिनच्या नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना टर्शरी ब्युटाइल गट बसवले तर पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये ते साध्या पिरिडिनपेक्षा दुबळं ठरतं, आणि वायूत सबळ. तिथे गर्दीनं अडवलं ते द्रावकाला.

पाण्याचा हा वेढा उद्योगातही कामी येतो. मराठवाड्यातच, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत, बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. मिथेनॉल आणि अमोनियापासून तिन्ही मिथाइल अमाइनं एकत्रच बनतात. तिघांचे उत्कलनबिंदू मात्र जवळजवळचे: मिथाइल उणे 6, डायमिथाइल अधिक 7 आणि ट्रायमिथाइल अधिक 3 अंश सेल्सिअस. म्हणून या उद्योगात ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात वरून पाणी सोडतात. ज्यांच्या नायट्रोजनवर हायड्रोजन आहे त्या मिथाइल आणि डायमिथाइलला पाणी धरून ठेवतं, खाली नेतं. ट्रायमिथाइलवर त्याची पकड ढिली, ते माथ्यावरून वेगळं निघतं.