डागाळलेल्या दातांची देणगी

इ. स. १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मके या तरुण दंतवैद्याने दवाखाना थाटला, तेव्हा तेथेच लहानाचे मोठे झालेल्या पुष्कळांच्या दातांवर त्यास तपकिरी डाग आढळले; आणि हेच कुरूप दात किडीला सहसा दाद देत नाहीत हे पुढे ध्यानी आल्यावर, त्या कोड्याच्या मागे तो सुमारे तीस वर्षे चिकाटीने लागून राहिला. अखेर १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने तशा गावांचे पाणी तपासले असता त्यात फ्लोराइडचे प्रमाण फाजील असल्याचे उघडकीस आले.

हे द्रव्य पोटात जाऊनच गुण देते, अशी समजूत त्यानंतर बराच काळ रूढ होती. परंतु त्याचे मुख्य कार्य उगवलेल्या दाताच्या पृष्ठभागावरच चालते, असा आजच्या संशोधनाचा निर्वाळा आहे. साखरेवर पोसणाऱ्या जंतूंच्या आम्लामुळे दातावरील सामू साडेपाचाच्या आसपास उतरला म्हणजे दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. आम्ल ओसरताच लाळ ती झीज भरून काढू पाहते. आणि त्या घडीस फ्लोराइड सन्निध असेल, तर नव्याने जमणारे स्फटिक आम्लापुढे पूर्वीहून अधिक टिकाव धरतात. खड्डा पडण्यापूर्वीचा खडूसारखा पांढरा ठिपका म्हणूनच मागे हटविता येतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्यातच फ्लोराइड अतिरिक्त असून, तेथे दातच नव्हे तर हाडेही बाधित होतात. तेथील तातडीची गरज निर्धोक पाण्याची आहे, हे निक्षून सांगितले पाहिजे. एरवी मात्र वर्षातून दोनदा दंतवैद्याकडून लावावयाच्या फ्लोराइडच्या लेपाचा दाखला भक्कम आहे: २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार त्याने कायमच्या दातांतील कीड सरासरी ४३, तर दुधाच्या दातांतील ३७ टक्क्यांनी घटली. ‘दुधाचे दात, पडायचेच’ म्हणून पालक स्वस्थ बसतात, याचे मला मनापासून दुःख होते. मागची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत मुलाला घास चावून देते, आणि ती किडली तर रात्रीची झोप हिरावते.

लेपात पाच टक्के सोडियम फ्लोराइड असते. पण तो लागतो अगदी थेंबाएवढा. कापसाने दात टिपून कुंचल्याने तो फिरविला की लाळेच्या स्पर्शाने घट्ट होतो, मूल लगेच घरी जाऊ शकते, आणि त्या रात्रीपुरते दात घासणे टाळले जाते. एक-दोन दिवसांत तो पापुद्रा निघून जातो. दातांच्या सांदीकोपऱ्यांत मात्र कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण साठून राहतात, आणि पुढे कधी गोड खाऊन तोंडात आम्ल चढले की ते विरघळून आपला साठा हळूहळू मोकळा करतात.