चालकविरहित मोटार आणि मानवी चालक : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बदलापूर या नावाविषयी एक लोकसमजूत रूढ आहे. पूर्वी लांबच्या वाटेवरील स्वार येथे थकलेले घोडे बदलून पुढे जात, म्हणून हे बदलापूर. ही व्युत्पत्ती कितपत ग्राह्य, हा वेगळा प्रश्न. परंतु वाहतुकीच्या इतिहासातील एक सूत्र तीतून स्पष्ट होते. घोडा बदले, स्वार तोच राही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ साली विजेची ट्राम आली. जनावर गेले, हाकणारा माणूस राहिला. चालकविरहित मोटारीने हे सूत्र उलटे केले आहे. येथे वाहन राहते आणि माणूस जातो. ही मोटार मानवी चालकाची जागा घेईल काय, या प्रश्नाचा विचार उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग शहरांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वयंचलनाचे स्तर

'चालकविरहित' हा शब्द बऱ्याचदा सैलपणे वापरला जातो. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाचे ० ते ५ असे सहा स्तर निश्चित केले. पहिल्या दोन स्तरांत यंत्र केवळ साहाय्य करते. वेग किंवा सुकाणू सांभाळते, पण जबाबदारी चालकाचीच असते. तिसऱ्या स्तरात यंत्र गाडी चालविते, मात्र सूचना मिळताच माणसाने ताबा घ्यावयाचा असतो. चौथ्या स्तरात ठरावीक क्षेत्रापुरती माणसाची गरज उरत नाही, तर पाचव्या स्तरातील गाडी कोठेही व कोणत्याही स्थितीत चालकाविना धावणे अपेक्षित असते. हा पाचवा स्तर अद्याप कोणत्याही देशाच्या रस्त्यावर साध्य झालेला नाही.

चौथ्या स्तराचे ठळक उदाहरण म्हणजे वेमो. गुगलने २००९ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पातून ही कंपनी उभी राहिली. २०२० मध्ये फिनिक्स येथे आणि २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तिची चालकविरहित टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली झाली. कॅमेरा, रडार आणि प्रकाशकिरणांनी अंतर मोजणारे लायडार यांच्या साहाय्याने ही गाडी परिसर 'पाहते' व आधीच तयार केलेल्या सूक्ष्म नकाशाशी तो ताडून पाहते. या वाटचालीत अपयशही आले. २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेंपी येथे चाचणीतील गाडीच्या धडकेने एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला.

परिसरातील रस्ता आणि चालकाचे काम

वरील यश रुंद रस्ते, स्पष्ट आखलेल्या मार्गिका व पाळले जाणारे सिग्नल यांवर उभे आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले शहर. सुमारे १३ चौ. कि.मी. क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहतात. कॅम्पमधील बाजारांत हातगाडी, टेम्पो, दुचाकी व पादचारी एकाच रस्त्याचे वाटेकरी असतात. पुढे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीची अवजड वाहने आणि बदलापूर स्थानकाबाहेरची गर्दी यांची भर पडते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पट्टे पाण्याखाली जातात आणि मुसळधार पावसात कॅमेरा व लायडार यांची दृष्टीही मंदावते. अशा रस्त्यावर नियमापेक्षा नजरानजर, हाताची खूण व हॉर्न यांनीच वाट ठरते. यंत्राला नियम शिकविता येतो. समोरचा थांबणार की घुसणार, हा अंदाज शिकविणे अधिक कठीण आहे.

शिवाय शेअर रिक्षाचा चालक केवळ गाडी चालवीत नाही. तो सीट भरेपर्यंत थांबतो, सुटे पैसे देतो, म्हाताऱ्या माणसाला हात देऊन उतरवितो व शेवटची लोकल चुकलेल्या प्रवाशाला घरापर्यंत सोडतो. यंत्र यांपैकी गाडी चालविण्याचेच काम घेऊ पाहते. बाकीची कामे कोण करील, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

प्रथम रुळावर, नंतर रस्त्यावर

याउलट जेथे मार्ग बंदिस्त असतो, तेथे चालक सहज वगळता येतो. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील पहिली चालकविरहित गाडी सुरू झाली. मुंबईत २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो २अ व ७ या मार्गिकांवरील गाड्याही चालकाविना धावू शकतील अशा बनावटीच्या आहेत. सुरुवातीस मात्र त्या चालकांसह चालविण्यात आल्या. कांजूरमार्ग–बदलापूर ही मेट्रो १४ मार्गिका नियोजित आहे. ती प्रत्यक्षात आल्यास या परिसरात चालकविरहित वाहन मोटारीच्या आधी मेट्रोच्या रूपाने येण्याचा संभव अधिक आहे.

कायदा, सुरक्षितता व उपजीविका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ नुसार वाहन चालविण्यासाठी परवानाधारक 'व्यक्ती' आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २ब मुळे संशोधनासाठी काही वाहनांना सूट देता येते. सर्वसाधारण वापरासाठी नव्हे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये, चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका मांडली.

दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. यंत्राला डुलकी लागत नाही आणि ते मद्यपानही करीत नाही. म्हणून केवळ रोजगाराच्या नावाखाली सुरक्षिततेचे तंत्रज्ञान कायमचे रोखणे समर्थनीय ठरत नाही. परंतु कर्ज काढून रिक्षा व परमिट घेतलेल्या कुटुंबाला ऐनवेळी वाऱ्यावर सोडणेही न्याय्य नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा त्यांवर पोट असलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न बंदीसोबतच उभा राहिला. तो आधी सोडविलेला नव्हता, हाच त्यातील धडा होय.

निष्कर्ष

१. चालकाची जागा एकाच वेळी व सर्वत्र जाणार नाही. बंदिस्त रुळमार्ग प्रथम, आखीव महामार्ग नंतर आणि उल्हासनगर–बदलापूरसारखे मिश्र वाहतुकीचे रस्ते सर्वांत शेवटी, असा क्रम संभवतो.

२. दरम्यानच्या काळात साहाय्यक यंत्रणा चालकाला हटविणार नाहीत; पण त्याच्या कौशल्याचे मोल कमी करू शकतील.

३. हा अवधी हीच खरी संधी आहे. राज्य शासनाने रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी स्थापन केलेल्या कल्याणकारी मंडळाने विमा व निवृत्तिसाहाय्य यांबरोबर नव्या वाहनांच्या देखभालीचे प्रशिक्षणही हाती घेणे आवश्यक आहे.

घोडे बदलण्याचे ठिकाण वाटेत आधीच ठरलेले असे, म्हणून स्वाराचा प्रवास खंडित होत नसे. चालकांच्या बाबतीतही असे ठिकाण आधी उभारावे लागेल.