तात्पुरती वाहन-आयात : मेक्सिकोतील परवाना-पद्धती

प्रस्तावना :
परदेशात दीर्घकाळ राहण्यास जाणाऱ्या व्यक्तीने स्वतःची मोटार सोबत नेल्यास सीमाशुल्काच्या दृष्टीने ती आयातच ठरते. आयात शुल्क न आकारता ठराविक मुदतीसाठी दिलेला प्रवेश म्हणजे तात्पुरती आयात होय. अमेरिकेतून मोटारीने येणाऱ्यांसाठी मेक्सिकोने राबविलेली पद्धत या संदर्भात अभ्यसनीय आहे.

स्वरूप :
हा परवाना बान्हेर्सितो ही सरकारी बँक देते. परवाना शुल्काखेरीज अनामत रक्कमही भरावी लागते. २००० पर्यंतच्या बनावटीच्या मोटारीस २००, २००१ ते २००६ मधील मोटारीस ३०० व त्यानंतरच्या मोटारीस ४०० डॉलर अनामत आहे. मुदतीत वाहन बाहेर नेऊन परवाना रद्द करून घेतल्यास ती परत मिळते. अन्यथा ती जप्त होते आणि वाहनही बेकायदेशीर ठरते. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात मात्र परवान्याची आवश्यकता नाही.

मुदत आणि वास्तव्याचा दर्जा :
पर्यटकास जास्तीत जास्त १८० दिवसांची मुदत मिळते. तात्पुरत्या रहिवाशाचा परवाना त्याच्या वास्तव्याच्या मुदतीइतका चालतो. मात्र वास्तव्याचे नूतनीकरण झाल्यावर सीमाशुल्क खात्यास तसे कळवावे लागते. कायम रहिवाशास ही सवलतच नाही. त्यामुळे कायम वास्तव्य मिळताच मोटार देशाबाहेर नेणे किंवा, वाहनाचे वय व निर्मितीचा देश यांविषयीच्या अटी पूर्ण होत असल्यास, शुल्क भरून तिची कायम आयात करणे एवढेच मार्ग उरतात.

निष्कर्ष :
परवाना वाहनाचा असला तरी त्याचे आयुष्य मालकाच्या वास्तव्याच्या दर्जावर अवलंबून असते. म्हणून दर्जा बदलण्याचा अर्ज करण्यापूर्वीच वाहनाचा विचार होणे आवश्यक ठरते.