पिसांचा बाजार आणि पारध्याचे पोट

७ जुलै १९११ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान या चार राष्ट्रांनी एक करार केला. उत्तर पॅसिफिक महासागरातील मऊ केसांच्या सीलची खुल्या समुद्रात होणारी कत्तल थांबवावी, हा त्याचा हेतू होता. युरोप-अमेरिकेतील श्रीमंत स्त्रियांच्या कोटांसाठी या प्राण्याचे कातडे लागत असे आणि त्या हौसेपायी सीलचे कळप नामशेष होण्याच्या बेतास आले होते. कराराने व्यापारी शिकार बंद केली. मात्र त्याच्या चौथ्या कलमात एक अपवाद होता. त्या किनाऱ्यावरील रेड इंडियन, ऐनू, अल्यूत आदी मूळ रहिवाशांना शिकारीची मोकळीक ठेवण्यात आली. अट इतकीच की होडी वल्ह्याशिडाची असावी, तीत पाचांहून अधिक माणसे नसावीत, बंदूक नसावी आणि शिकारी कोणाचा चाकर किंवा कातडी पुरविण्याच्या कराराने बांधलेला नसावा. म्हणजे बंदीचा रोख व्यापारावर होता. पोटासाठी सील मारणाऱ्यावर नव्हता.

त्याच १९११ साली, करारावर सही करणाऱ्या ब्रिटनच्याच हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा नवा कायदा संमत केला. १८७१च्या मूळ कायद्याची व्याप्ती त्याने वाढविली. जमातीच्या जमाती नोंदवहीत चढविणे, बोटांचे ठसे घेणे, हजेरी लावणे आणि तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत नेऊन ठेवणे, हे सारे त्यामुळे सुलभ झाले. सोलापूरची 'सेटलमेंट' ही त्याच धोरणाची निशाणी होय. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात मोर, तित्तर, लावे, ससे आणि हरणे ही नावे होती. फासेपारधी ज्या जनावरांवर जगत होता त्यांची ही जणू यादीच होती. विणीच्या हंगामात ही जनावरे पकडणे-विकणे गुन्हा ठरविण्याची सोय झाली. बारा महिने भूक लागणाऱ्या माणसाने त्या महिन्यांत काय करावे, याचा विचार दोहोंपैकी कोणत्याही कायद्यात नव्हता. उत्तर पॅसिफिकमध्ये ज्या साम्राज्याला हा भेद कळला होता, त्याला तो बालाघाटाच्या माळावर का कळू नये?

पाटोदा त्या काळी निजामाच्या राज्यात, भीर जिल्ह्यात होते. ब्रिटिश कायदा येथे थेट लागू नसला तरी हैदराबाद संस्थानातही गुन्हेगार जमातींवर निराळी देखरेख असे. शिवाय पाटोद्याहून सौताड्याच्या वाटेने जामखेडकडे निघालेला माणूस थोड्याच अंतरात मोगलाईतून इंग्रजी अमलात शिरत असे. शेतकऱ्याला ही सरहद्द फारशी जाणवत नव्हती. भटक्याला मात्र तिच्या दोन्ही बाजूंना जाब द्यावा लागे.

हा मुलूख फासेपारध्यांना साजेसाच होता. मांजरेचा उगम याच तालुक्यातला. उथळ जमिनीचे माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी, तरवड आणि मधूनमधून ज्वारी-बाजरीची शेते. अशा रानात काळवीट, ससा, तित्तर आणि मोर मुबलक असत. जनावरांच्या तातीचे फासे हरणांसाठी, घोड्याच्या केसांचे बारीक फासे पाखरांसाठी आणि सशांसाठी वाघूर, असे या लोकांचे साधन. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाच्या जवळ जात. त्यांना गायपारधी म्हणत. बंदूक त्यांच्याजवळ नव्हती, आणि असती तरी ती परवडली नसती. पिकात घुसणारी हरणे कमी झाली तर कुणब्यालाही ते हवेच असे. पारध्याचे आणि गावाचे नाते संशयाचे होते हे खरे; पण ते केवळ संशयाचे नव्हते.

पारध्याचा माल घेत कोण होते? मांस आठवडी बाजारात खपे. काळविटाच्या कातड्याचे मृगाजिन साधू-बैराग्यांना आणि पूजेला बसणाऱ्या गृहस्थांना लागे. मुंजीत बटूच्या अंगावर जो कृष्णाजिनाचा तुकडा येतो, तोही कोणीतरी रानातून आणलेला असतो. वासुदेवाची टोपी मोरपिसांची, दर्ग्यातील मोरचेल मोरपिसांचे, दिगंबर जैन मुनींची पिंछीही मोरपिसांचीच. अर्थात मोरपिसे बहुतांशी गळालेली, वेचलेली असतात. सारा दोष ग्राहकाच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु समाजातील प्रतिष्ठित व पवित्र मानलेली कितीतरी कार्ये ज्याच्या हातच्या मालाने पार पडत होती, तो स्वतः मात्र जन्मतः गुन्हेगार ठरला होता, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

पाटोद्याचा हा बाजार लहान होता. मोठा बाजार लंडनमध्ये भरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात टोप्यांवर पिसे लावण्याची फॅशन इतकी बोकाळली की बगळ्याच्या विणीच्या काळातील तुऱ्याला सोन्याहून अधिक भाव येऊ लागला. रानकोंबड्याच्या मानेची पिसे विलायतेतील हौशी मच्छीमारांच्या गळासाठी जात. या व्यापाराविरुद्ध खुद्द इंग्लंडमध्ये ओरड झाली. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने शहामृग वगळता सर्व पक्ष्यांच्या पिसांची व कातड्यांची निर्यात बंद केली. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. निर्यातबंदी १९०२ची, पण ब्रिटनने स्वतःच्या बंदरात अशा पिसांच्या आयातीवर बंदी घालण्यासाठी १९२१ साल उजाडावे लागले. विकणाऱ्या देशाचे दार बंद झाल्यावर विकत घेणाऱ्या देशाचे दार जवळजवळ वीस वर्षे उघडेच होते. मागणी कायम ठेवून पुरवठा तेवढा बेकायदा केला की भाव चढतो, माल चोरवाटेला लागतो आणि जोखीम सर्वांत खालच्या माणसाच्या गळ्यात पडते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगता येईल.

कातड्यांच्या व्यापाराचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण कॅनडाचे. १६७०च्या सनदेने स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी तेथील मूळ रहिवाशांना हिवाळ्यापूर्वी पीठ, सापळे, दारूगोळा उधार देई आणि वसंतात कातड्यांच्या रूपाने ती उधारी वसूल करी. सावकारी पद्धती मराठी वाचकाला परिचित आहे. येथील ऊसतोड कामगाराची उचल याच जातीची. १९१४ साली महायुद्ध पेटले, लंडनचे लिलाव थांबले आणि कंपनीने उधारी आखडती घेतली. पिढ्यान्‌पिढ्या त्या उधारीवर हिवाळा काढणाऱ्या कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली. पुढे भाव पुन्हा कडाडले, तेव्हा गोरे शिकारी त्यांच्या रानात घुसले. १९२५-२६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने शिकारीचे पट्टे माणसांच्या नावे नोंदविण्यास सुरुवात केली, आणि त्या नोंदणीत अनेक मूळ रहिवासी आपल्याच वाडवडिलांच्या रानाला मुकले. तेव्हा कॅनडात सारे न्यायाचे झाले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तरीही एक फरक राहतोच. तेथे निदान वाद रानावरील हक्काचा होता. फासेपारध्याला हक्कदार म्हणून कधी मोजलेच गेले नाही. त्याची नोंद झाली ती पोलिसांच्या वहीत.

हा माणूस रान ओरबाडणारा होता, हेही गृहीत धरण्याचे कारण नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा जो अभ्यास केला, त्यात एक लक्षणीय गोष्ट आढळली. फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू एकाच मुलखात हिंडत. पण त्यांची सावजे आणि साधने वेगवेगळी होती, त्यामुळे एकमेकांच्या ताटात हात घालण्याचा प्रसंग क्वचितच येई. फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून देण्याची रीत फासेपारध्यांत अलीकडेपर्यंत होती. ती का सुटली, याचेही उत्तर अवघड नाही. माळ नांगराखाली गेले, जीप आणि बंदुका घेतलेले हौशी शिकारी आले आणि आपण सोडलेले पाडस उद्या दुसराच कोणी मारणार हे दिसू लागले. उद्याची खात्री नसलेला माणूस आज राखून खात नाही.

१९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रूपात परवाना घेऊन लहानसहान शिकार करण्याची, जनावरे जिवंत पकडण्याचीही सोय होती. पण कचेरीच्या पायरीवर उभे राहण्याची ज्याला भीती वाटते त्याला परवाना कोण देणार? १९९१च्या दुरुस्तीने तीही सोय संपली. आश्चर्य असे की, १९११च्या त्या करारासारखा अपवाद या कायद्याला अपरिचित नाही. त्याच्या पासष्टाव्या कलमाने निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवले आहेत. मोराच्या शेपटीच्या पिसांनाही देशांतर्गत व्यापारबंदीतून सूट देण्यात आली. मोरपिसाचा व्यापारी कायद्यात बसला. फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत असूनही त्याच्यासाठी एक ओळ लिहिली गेली नाही.

यावरून शिकार पुन्हा खुली करावी असे कोणी अनुमान काढू नये. काळवीट इतके विरळ झाले होते की शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली त्यासाठी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे अभयारण्य करावे लागले. पाटोदा तालुक्यातच नायगाव येथे १९९४ साली सुमारे तीस चौरस किलोमीटरचे मयूर अभयारण्य घोषित झाले, आणि ते उचितच झाले. प्रश्न निराळा आहे. सरकार साखर कारखाना बंद पडला तर कामगारांच्या देण्यांची चर्चा करते, धरणाखाली जमीन गेली तर मोबदला ठरविते. रान बंद झाले तेव्हा रानावर जगणाऱ्याचे देणे कोणी काढले काय? ते काढले गेले नाही, कारण ज्याला मुळातच गुन्हा मानले त्याला धंदा म्हणून गणण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. गायरानाच्या तुकड्यावर पाल ठोकून बसलेल्या कुटुंबाला त्यामुळेच अतिक्रमणदार म्हणवून घ्यावे लागते.

देणे फेडण्याचे मार्ग नाहीत असे नाही. मध्य प्रदेशातील पन्ना येथे, जेथील व्याघ्र प्रकल्पातील वाघ संपल्याचे २००९ साली उघड झाले, पारध्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली आणि पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवू लागले. पाऊलखुणा वाचण्याची, पाखराच्या आवाजावरून त्याची जागा ओळखण्याची विद्या तेथे पगाराला पात्र ठरली. नायगावच्या अभयारण्यातही मोरांची गणती होणार, वणवे आवरावे लागणार, पाणवठे राखावे लागणार. या कामांवर घ्यावयाच्या माणसांत पाटोदा व आष्टी तालुक्यांतील फासेपारधी कुटुंबांसाठी जागा राखून ठेवणे, त्यांच्या ताब्यातील गायरानाचे पट्टे त्यांच्या नावे करणे आणि त्यांच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी जुने कागद मागणे थांबविणे, या तिन्ही गोष्टी विद्यमान नियमांच्या चौकटीत राहून जिल्हा प्रशासनाला सुरू करता येतील.